जुन्या छायाचित्रातील मोटार कशी ओळखावी?

प्रश्न: आजोबांच्या संग्रहातील एका कृष्णधवल छायाचित्रात गोलाकार, उतरत्या छताच्या मोटारीचा फक्त मागचा भाग दिसतो, मागची काच लहान व लंबगोल आहे. साल ठरवता येईल का?

पहिले उत्तर: ही फोक्सवॅगन बीटल वाटते. १९५३च्या सुरुवातीपर्यंत तिच्या मागच्या काचेचे मधल्या पट्टीने दोन भाग पडलेले असत, नंतर १९५७पर्यंत ती एकसंध लंबगोल होती आणि पुढे बरीच मोठी झाली, त्यामुळे गाडी याच काळातली असावी. छायाचित्र मात्र कितीतरी नंतरचेही असू शकते.

दुसरे उत्तर: क्रमांकपट्टी भिंगातून अवश्य पाहा. अक्षरे उलटी दिसली, तर निगेटिव्ह उलटी धरून छपाई झाली आहे, आणि मग स्टिअरिंगच्या बाजूवरून देश ओळखणे फसवे ठरते.

प्रश्नकर्ता: अक्षरे सुलट आहेत, आणि काचेखाली हवेच्या फटींची ओळही दिसते. मनःपूर्वक आभार.

पहिले उत्तर देणारे: त्या फटी मागे असलेल्या इंजिनासाठीच आहेत; ओळख पक्की झाली.