मदत हवी आहे: द्रव अननोन, टॉलेन्स आणि आयोडोफॉर्म दोन्ही पॉझिटिव्ह. बेन्झाल्डिहाइड की अ‍ॅसिटोफिनोन?

प्रश्नकर्ती (बीएस्सी, पुणे)

ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला मिळालेला द्रव ओळखता येत नाहीये. निरीक्षणं अशी:

रंग फिकट पिवळसर, वास कडू बदामासारखा. पाण्यात विरघळत नाही. जळताना काजळी धरतो. लॅसेनमध्ये (मूलद्रव्यांची टेस्ट) नायट्रोजन, सल्फर, हॅलोजन काहीच नाही. सोडियम बायकार्बोनेटमध्ये (अ‍ॅसिडची टेस्ट) थोडे बुडबुडे आले, पण ठाम फसफस नाही. २,४-डीएनपी (अल्डिहाइड-कीटोन दोन्हींची टेस्ट): लगेच नारिंगी साका. टॉलेन्स (अल्डिहाइडची, चांदीचा आरसा देणारी टेस्ट): आरसा नाही, काळी भुकटी खाली बसली. फेहलिंग (अल्डिहाइडची दुसरी टेस्ट): उकळूनही निळंच. आयोडोफॉर्म (अ‍ॅसिटोफिनोनसारख्या मिथाइल कीटोनची टेस्ट): पिवळसर गढूळपणा. उत्कलनबिंदू १७६-१७७ अंश.

फेहलिंग आणि आयोडोफॉर्म बघितलं तर कीटोन (अ‍ॅसिटोफिनोन) वाटतो, टॉलेन्स बघितलं तर अल्डिहाइड (बेन्झाल्डिहाइड). बुडबुड्यांमुळे अ‍ॅसिड ग्रुपही धरायचा का? नळ्या घाईत अ‍ॅसिटोनने खंगाळून वापरल्या होत्या.

उत्तर १

तुमचं शेवटचं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं आहे. अ‍ॅसिटोन स्वतः आयोडोफॉर्म देतो आणि २,४-डीएनपीसुद्धा. नळीच्या भिंतीला राहिलेला थेंबभर अ‍ॅसिटोनही पिवळेपणा आणायला पुरेसा आहे. या दोन टेस्टसाठी नळ्या पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन ओव्हनमध्ये वाळवा.

आयोडोफॉर्म पुन्हा असा करा: ४-५ थेंब नमुना २ मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा. इथेनॉल चालणार नाही, तो स्वतःच ही टेस्ट देतो. त्यात १० टक्के कॉस्टिक सोडा १ मिली, मग आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण थेंबथेंब, तपकिरी रंग टिकेपर्यंत. दोन मिनिटं ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, जादा आयोडीन कॉस्टिकच्या दोन-तीन थेंबांनी घालवा आणि पाणी घाला. नमुना न टाकलेली एक नळी शेजारी हवीच. नुसत्या गढूळपणावर निकाल देऊ नका, न विरघळलेलं तेलही आयोडीन धरून पिवळं दिसतं. खरा आयोडोफॉर्म म्हणजे दवाखान्याच्या वासाचे पिवळे स्फटिक. गाळून, वाळवून द्रवणबिंदू घ्या: ११९ अंशांच्या आसपास यायला हवा.

टॉलेन्सची काळी भुकटी हीसुद्धा चांदीच, टेस्ट पॉझिटिव्ह धरा. आरसा बसणं काचेच्या स्वच्छतेवर असतं. आरसा हवाच असेल तर नळी गरम विरल नायट्रिक अ‍ॅसिडने धुवा. ५ टक्के सिल्व्हर नायट्रेट १ मिली, कॉस्टिकचा एक थेंब, मग विरल अमोनिया थेंबथेंब, तपकिरी साका *जेमतेम* विरघळेपर्यंत. अमोनिया जास्त झाला की टेस्ट मंदावते. नमुना पाण्यात मिसळत नसल्यामुळे दोन थेंब अल्कोहोलमध्ये विरघळवून घाला आणि नळी हलवा. थेट ज्योतीवर नाही, ६० अंशांच्या पाण्यात.

फेहलिंग निगेटिव्ह आलं म्हणून अल्डिहाइड नाही, असं होत नाही. अ‍ॅलिफॅटिक अल्डिहाइड फेहलिंग देतात, बेन्झाल्डिहाइडसारखे अ‍ॅरोमॅटिक (बेंझिनची कडी असलेले) देत नाहीत. टॉलेन्स हो, फेहलिंग नाही, काजळीची ज्योत: ही तिन्ही निरीक्षणं एकाच दिशेने जातात.

उत्तर २

बुडबुड्यांबद्दल. बेन्झाल्डिहाइड बाटलीत हवेने ऑक्सिडाइज होऊन बेन्झोइक अ‍ॅसिड बनतं. बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली दिसते का बघा. त्या अशुद्धीमुळे बायकार्बोनेटमध्ये थोडेसे बुडबुडे येतात आणि पूर्ण अ‍ॅनालिसिस अ‍ॅसिडकडे भरकटतं. म्हणून आधी नमुना शुद्ध करा: २ मिली नमुना आणि तेवढंच १० टक्के सोडियम कार्बोनेट नळीत हलवा, बूच मधूनमधून सैल करून वायू सोडा.

इथे एक फसगत होते. १० टक्के कार्बोनेटची घनता साधारण १.१० आणि बेन्झाल्डिहाइडची १.०४, त्यामुळे तेल *वर* तरंगतं. नंतर पाण्याने धुताना तेच तेल *खाली* बसतं. कुठला थर कुठला याची खात्री होईपर्यंत काहीही सिंकमध्ये ओतू नका. तेल ड्रॉपरने वेगळं करून चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा. मग बायकार्बोनेट टेस्ट पुन्हा करा.

उत्कलनबिंदूही जुळतो. बेन्झाल्डिहाइडचा १७९, अ‍ॅसिटोफिनोनचा २०२. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून दोन-एक अंश खाली येणं अपेक्षितच. पंचवीस अंशांचा फरक मात्र उंचीने पडत नाही. वाचन केशनलिकेतून बुडबुडे थांबून द्रव आत शिरतो त्या क्षणाचं घ्या, बुडबुडे सुरू होतात तेव्हाचं नाही.

बदामाच्या वासाचं नायट्रोबेंझिनही असतं, पण ते लॅसेनमध्ये नायट्रोजन दाखवेल आणि डीएनपी देणार नाही. तरी अननोन नाकाशी धरून हुंगू नका आणि हाताला लागू देऊ नका, नायट्रोबेंझिन कातडीतून शरीरात जातं.

प्रश्नकर्ती

कार्बोनेटने धुतल्यावर बुडबुडे बंद. ओव्हनमध्ये वाळवलेल्या नळीत आयोडोफॉर्म निगेटिव्ह, डीएनपी नारिंगीच. आता डेरिव्हेटिव्ह (द्रवणबिंदूवरून ओळख पक्की करायला बनवलेला घन पदार्थ) कुठलं करू? डीएनपीचाच साका गाळून ठेवलाय.

उत्तर १

डीएनपी इथे कामाचं नाही. बेन्झाल्डिहाइडचं २३७ ला वितळतं आणि अ‍ॅसिटोफिनोनचं पुस्तकागणिक २३८ ते २५०. कॉलेजच्या थर्मामीटरवर हा फरक सांगता येत नाही. सेमिकार्बाझोन करा: बेन्झाल्डिहाइडचं २२२, अ‍ॅसिटोफिनोनचं १९८ च्या आसपास. १ ग्रॅम सेमिकार्बाझाइड हायड्रोक्लोराइड आणि दीड ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट १० मिली पाण्यात, त्यात अर्धा मिली नमुना. गढूळ राहिलं तर स्वच्छ होईपर्यंत अल्कोहोल. हलवा, वॉटर बाथवर थोडं गरम करा, बर्फात थंड करा. स्फटिक अल्कोहोलमधून पुन्हा काढल्याशिवाय द्रवणबिंदू घेऊ नका, ओले किंवा अशुद्ध असतील तर सात-आठ अंश सहज खाली येतील.

त्याआधी पाच मिनिटांची एक टेस्ट: *ताजं* संपृक्त सोडियम बायसल्फाइट २ मिली, त्यात अर्धा मिली नमुना, जोरात हलवा. बेन्झाल्डिहाइड पांढरे स्फटिक देतं, अ‍ॅसिटोफिनोन देत नाही. जुनं द्रावण हवेने सल्फेट बनलेलं असतं आणि काहीच दाखवत नाही.

उत्तर २

उरलेलं टॉलेन्स आजच्या आज विरल नायट्रिक अ‍ॅसिडने आम्लधर्मी करून चांदीच्या वेस्टच्या बाटलीत टाका. नळीत ठेवून घरी जाऊ नका, सुकलं तर त्यात स्फोटक सिल्व्हर नायट्राइड तयार होतं आणि ते नुसत्या धक्क्यानेही फुटतं. बॅचमधल्या बाकीच्यांनाही सांगा, स्टँडवर त्यांच्याही नळ्या असतील.