मदत हवी आहे : आजारपणानंतर केस विरळ झालेत, एक्स्टेन्शन्स लावावीत का? स्टायलिस्ट कशी निवडायची?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, कोल्हापूरला. मी पुण्यात राहते. श्रावणात मला डेंग्यू झाला होता. ताप गेला, प्लेटलेट्स वर आल्या, मी कामावरही जायला लागले, आणि मग दसऱ्याच्या सुमारास केस गळायला सुरुवात झाली. न्हाणीच्या जाळीत, उशीवर, ओढणीला चिकटलेले, सगळीकडे केस. आता खांद्याखाली टोकं इतकी विरळ दिसतात की मी केस मोकळे सोडणंच बंद केलंय. करवली म्हणून मिरवायचंय, फोटो निघणार आहेत, आणि त्या दिवशी केस भरलेले दिसावेत असं मला मनापासून वाटतं. त्या दिवसापुरतेच नाही, पुढचे काही महिनेसुद्धा. म्हणून एक्स्टेन्शन्सचा, म्हणजे स्वतःच्या केसांना जोडायच्या तयार बटांचा, विचार करतेय.

दोन ठिकाणी विचारून आले. पहिलं मोठं सलून. तिथल्या मुलीने शेड कार्ड केसांना लावून बघितलं आणि लगेच सांगितलं, केराटिन बाँड (बटा केराटिनच्या गोंदाने केसांना चिकटवणं) करा, पूर्ण डोक्याचे ३८ हजार, चार महिने बघायलाच नको. आज अ‍ॅडव्हान्स भरला तर सूट. फोटो इतके सुंदर दाखवले की मी जवळजवळ कार्ड काढलंच होतं.

दुसरी एकटीच काम करणारी बाई आहे, छोटा स्टुडिओ आहे तिचा. तिने आधी केस भांग पाडपाडून टाळू बघितली, कानामागचे केस बघितले, आजार विचारला, डोक्याला तेल लावता का विचारलं. मग म्हणाली, "आत्ता टेप किंवा बाँड मी करणार नाही. गळणं थांबू दे. लग्नापुरतं क्लिपचं करू." तिच्याकडे फोटो कमी आहेत, दरही कमी नाहीत. घरी आल्यापासून मला सुचेनासं झालंय. ती जास्तच घाबरवतेय, की पहिलीने काही बघायचं सोडलं?

ज्यांनी लावलीयत त्यांनी कृपया सांगा : विरळ केसांत टेप टिकते का, तेलाचं काय करायचं, आणि "शंभर टक्के मानवी केस, टेम्पल हेअर" असं सगळेच म्हणतात ते खरं कसं ओळखायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस कसा पारखायचा?

निशिगंध

मी बरेच दिवस टेप वापरतेय, त्यामुळे अनुभवाचं सांगते. टेप म्हणजे साधारण चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी. तुमच्या केसांची पातळ बट दोन पट्ट्यांच्या मध्ये चिकटवतात. दिसायला फार छान, सपाट बसते, बोटांना फारशी जाणवत नाही. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांत पट्टी मुळापासून खाली सरकते. मग ती काढून परत वर लावून घ्यावी लागते. त्याचे पैसे वेगळे. लावायचा खर्च विचारतो तसा हा वर लावायचा खर्चही आधीच विचारा, कारण वर्षाचा हिशोब तिथेच बदलतो.

तेलाबद्दल : टेप असेपर्यंत मुळाशी तेल नाही म्हणजे नाही. तेलाने गोंद सुटतो आणि पट्टी घसरते. कंडिशनरसुद्धा फक्त लांबीला. लावल्यावर पहिले दोन दिवस केस धुवायचे नाहीत. दर रविवारी आईच्या हातचं तेल ज्यांना सोडवत नाही त्यांनी टेपच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हळदीच्या दिवशी सांभाळा. हळद तेलात कालवलेली असते, लोक प्रेमाने केसांपर्यंत फासतात. टेप असेल तर डोक्यावर घट्ट रुमाल बांधूनच बसावं लागेल.

कातरकाम

पाऊलवाट, मी ठाण्यात हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची दुसरी बाई बरोबर सांगतेय. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात. शरीराला धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि मग एकत्र सुटतात. बहुतेकांचं साधारण सहा महिन्यांत थांबतं आणि नवे केस येतात. तुम्ही आत्ता त्या गळतीच्या मधोमध आहात. टेप असो की बाँड, ते तुमच्या केसावर टांगलेलं वजन आहे. पट्टीतल्या बटेतले निम्मे केस सुटायला आलेले असतील तर सगळा भार उरलेल्यांवर पडतो. आणि नवे येणारे आखूड केस त्या गोंदात अडकतात.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढे कधी लावलीत तर घाबरणार नाही. निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात. एक्स्टेन्शन असताना त्यातले बरेच पट्टीत अडकून राहतात, आणि काढताना एकदम पुंजका हातात येतो. माझ्या खुर्चीत बायका रडल्या आहेत तो बघून. तो सगळा ओढून तुटलेला केस नसतो. टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर केस बहुधा आपणहून गळलेला आहे. मधूनच तुटलेला, ठिपका नसलेला असेल तर मात्र लावण्यात किंवा काढण्यात काहीतरी चुकलंय.

आता माणूस पारखण्याबद्दल. लावण्याचे फोटो सगळ्यांकडे असतात. लावल्या दिवशी, ब्लो ड्राय करून, रिंग लाइटमध्ये काढलेला फोटो कुणाचाही चांगलाच येतो. तुम्ही सहा आठवड्यांनंतरचे फोटो मागा. काढल्यानंतर गिऱ्हाईकाचे स्वतःचे केस कसे दिसत होते तेही मागा. ज्याच्याकडे ते आहेत तो माणूस आपल्या कामाकडे परत बघतो. मग विचारा : काढायचं काम कोण करणार, तुम्ही की हेल्पर? कशाने काढता? टेप असेल तर रिमूव्हर लावून गोंद विरघळू द्यायचा आणि पट्टी आपसूक सुटली पाहिजे. केराटिन बाँड रिमूव्हर लावून पक्कडीने हलकेच फोडतात, मग तो सरकून येतो. "ओढून काढतो, काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

तुमच्यासमोर कुणाचं तरी काम चालू असेल तर पाच मिनिटं बघा. कपाळाच्या कडेचे, कानाजवळचे आणि मानेवरचे केस सोडून लावतात का? ते केस सगळ्यात नाजूक असतात आणि ओढ लागली की आधी तेच जातात. भांग सरळ रेषेत पाडतात का? बटेची जाडी आणि पट्टीची जाडी जुळते का? वजनदार पट्टीला चार केस लावले तर आठवड्याभरात लोंबते. आणि गोंदाची पॅच टेस्ट करतात का? कानामागे थोडा लावून दोन दिवस बघायला फार त्रास नाही, पण बहुतेक ठिकाणी टाळतात. गोंदाची अ‍ॅलर्जी असलेली टाळू मी बघितली आहे, ती खाज साधी नसते.

आजच पैसे भरा म्हणून घाई करणाऱ्याकडे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही. सल्ल्याची भेट वेगळी आणि लावण्याचा दिवस वेगळा, हेच योग्य.

केसांबद्दल. "टेम्पल हेअर" म्हणजे तिरुपतीसारख्या देवस्थानात नवसाने अर्पण केलेले केस. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर मुंडन होतं आणि देवस्थान ते केस लिलावात विकतं. हे केस एकदम कापलेले असल्याने मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला राहतात, केसावरचे खवले एकाच दिशेने असतात. त्यालाच रेमी म्हणतात. दुसरा माल म्हणजे कंगव्यातला गुंता. केसांवर भांडी देणाऱ्या बाया दारावर यायच्या ना, तेच केस. ते सोडवून, विंचरून विकतात, पण त्यात मुळं-टोकं उलटसुलट असतात आणि खवले एकमेकांत अडकतात. म्हणून अ‍ॅसिडने खवले काढून वर सिलिकॉन चढवतात. दुकानात रेशमासारखे लागतात, तीन-चार धुण्यांत सिलिकॉन गेलं की झाडू होतो.

ओळखायचं असेल तर एक पट्टी घरी न्यायला मागा. दोन-तीनदा साध्या शाम्पूने धुवा, वाळवा, विंचरा. शिवाय एक केस टोकाकडून मुळाकडे चिमटीत सरकवून बघा. खवले असतील तर त्या दिशेने किंचित खरखर लागते. प्लास्टिकचा धागा जळताना वितळून गोळी होते, खऱ्या केसाची राख होते. पट्टी द्यायला खळखळ केली तर समजून जा.

दवाखाना_ते_घर

केसांचं होईल ते होईल, आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड. डेंग्यूनंतर गळती होतेच, पण आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता इतकी आहे की गळती डेंग्यूच्या खात्यावर टाकून मूळ कारण राहून जातं. हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन कमी असू शकतं. त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. गोल चट्टे पडले असतील तर तो वेगळा आजार आहे, त्यात एक्स्टेन्शन्स अजिबात नकोत.

आणखी एक. "पहिले काही दिवस डोकं दुखणारच" हे ऐकून गप्प बसू नका. थोडं घट्ट वाटणं वेगळं. दुखत असेल, मुळाशी लाल पुटकुळ्या आल्या असतील, रात्री कुशीवर झोपता येत नसेल तर ओढ जास्त आहे. सतत ओढ राहिली तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात. सुरुवातीला थांबवलं तर परत येतात, उशीर झाला तर मुळंच मिटतात.

धातूच्या बारीक रिंगांनी लावायचा प्रकार कधी केलात आणि एमआरआयची वेळ आली, तर तिथल्या तंत्रज्ञांना आधी सांगा.

घाटमाथा

लग्नात नऊवारी नेसणार असाल ना? मग खोप्याला एक्स्टेन्शन्स कशाला? गंगावन घ्या की. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात काकू-माम्यांचे खोपे त्यावरच उभे राहिलेत. तुळशीबागेत मिळेल, कोल्हापुरात महाद्वार रोडला मिळेल. मात्र घेताना केस घेऊन बसा, रंग उजेडात बाहेर येऊन जुळवा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच काळे दिसतात. आजकालची बहुतेक कृत्रिम धाग्याची असतात, त्यांना इस्त्री किंवा कर्लिंग रॉड लावू नका, चिकटून जातील. वर गजरा आला की कुणाला काही कळत नाही.

पाऊलवाट

सगळ्यांचे किती आभार मानू! दवाखाना_ते_घर, तपासण्या करून आले. फेरिटिन खरंच कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या आहेत. डॉक्टरांनी टाळू बघून हेच सांगितलं की मुळं शाबूत आहेत, नवे केस येताहेत, फक्त ओढ नको.

कातरकाम, तुमचे प्रश्न कागदावर लिहून दोन्हीकडे परत गेले. पहिल्या सलूनमध्ये सहा आठवड्यांनंतरचे फोटो मागितल्यावर "गिऱ्हाईक परत येतच नाहीत, इतकं छान टिकतं" असं उत्तर आलं. काढायचं काम "कुणीही मोकळं असेल ते करतं." दुसरीने ड्रॉवरमधून जुन्या गिऱ्हाइकांचे काढल्यानंतरचे फोटो दाखवले, त्यात एकीचे केस पातळ झाले होते आणि का झाले तेही तिने न विचारता सांगितलं. एक पट्टी धुवायला दिली. मी धुतली, अजून मऊ आहे.

तर ठरलं असं : विधीला नऊवारी, खोपा आणि गंगावन. संध्याकाळी रिसेप्शनला तिच्याकडून क्लिपचे तीन-चार पट्टे, अर्धे मोकळे केस. टेपचं पुढच्या उन्हाळ्यानंतर, फेरिटिन परत तपासून.

आता शेवटची शंका. माझे केस इतके मऊ आणि विरळ झालेत की साधी पिनसुद्धा घसरते. क्लिप चार-पाच तास टिकेल का?

कातरकाम

टिकेल. आदल्या दिवशी केस धुवा आणि त्या दिवशी मुळाशी काहीही लावू नका, सीरमही नाही. जिथे क्लिप लावायची तिथे आडवा भांग पाडून मुळाशी उलटा कंगवा फिरवा, थोडा हेअरस्प्रे मारा आणि त्या गादीवर क्लिप अडकवा. गुळगुळीत केसावर थेट लावली तर घसरणारच. सगळ्यात खालचा पट्टा मानेपासून तीन बोटं वर, सगळ्यात वरचा डोळ्यांच्या रेषेपेक्षा फार वर नको, नाहीतर वरच्या विरळ केसांतून क्लिप दिसेल. कानाच्या बाजूला एकच क्लिपचे छोटे तुकडे लावायला सांगा. तुमच्या गळतीत तिथे मोठा पट्टा नको.

स्टुडिओत एकदा ट्रायल घ्या आणि ते लावूनच घरी या. स्वयंपाक करा, वाका, नाचून बघा. ओढ लागते ती जागा लक्षात ठेवून तिला सांगा. तुमचे केस खांद्यापर्यंत आणि पट्टा त्याहून फार लांब असेल तर जोड दिसतो, म्हणून तो तुमच्या केसांत मिसळेल असा कापून घ्या, आणि तो कापताना पट्टे डोक्यावर लावलेले असू देत.

रिसेप्शन संपलं की झोपायच्या आधी काढा, कितीही दमलात तरी. काढताना क्लिप आधी उघडायची, मग पट्टा खाली घ्यायचा. कोल्हापूरला निघताना एका कापडी पिशवीत पट्टे वेणी घालून ठेवा. स्टायलिस्ट सोबत येणार नसेल, तर लावायचं कसं ते बहिणीच्या एखाद्या मैत्रिणीला आधीच व्हिडिओ कॉलवर दाखवून ठेवा.