फ्लशच्या टाकीतून रात्री पाणी जातंय, वॉशर बदलूनही थांबत नाही. मदत हवी आहे

केतकीपान
रात्री ११.४०

कमोडच्या टाकीतून रात्रभर पाणी जातंय. बारीक सुर्रर्र असा आवाज येतो आणि भांड्याच्या मागच्या बाजूने पाण्याची पातळशी धार सतत उतरताना दिसते. दिवसा काही नाही. सासूबाईंची खोली त्याच बाथरूमला लागून आहे. त्या दोन-दोनदा उठून "नळ राहिला का गं?" म्हणून बघायला जातात. ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरेल, याचीच मला धास्ती आहे. शिवाय आमच्या सोसायटीत घरटी मीटर आहेत. महिन्याला साडेनऊ हजार लिटर असायचं, या वेळी अकरा हजार आलं. काय करू? लवकर सांगा प्लीज.

भटका_सातारी
रात्री ११.५२

ताई, टाकी कसली आहे? बाहेर लावलेली प्लास्टिकची, कमोडवरच बसवलेली चिनी मातीची, की भिंतीच्या आत? एक बटण की दोन? पाणी महापालिकेचं की बोअरचं? कितवा मजला? एवढं कळल्याशिवाय सांगणं अवघड आहे.

कोकणवारा
सकाळी ६.१५

आमच्याकडे देवगडला पावसाळ्यात टाकीला बाहेरून घाम येतो. आत गार पाणी आणि बाहेर दमट हवा, मग थेंब धरतात आणि खाली टपटपतात. आम्ही दोन वर्षं गळती समजून सील लावत बसलो होतो. फडक्याने पुसून कोरडी करा आणि खिडकी उघडी ठेवून बघा.

न्यूजर्सीवासी
सकाळी ६.३०

हा फ्लॅपरचा प्रॉब्लेम आहे, शंभर टक्के. टाकीच्या तळाशी रबराची झडप असते, तिला साखळी असते. साखळी फार आखूड असली तर झडप पूर्ण बसत नाही. नवीन फ्लॅपर टाका, पाच मिनिटांचं काम आहे. मी इथे तीन घरांत स्वतः बदलले आहेत.

नाना_तांबट
सकाळी ७.०५

न्यूजर्सीवासी, तुमचं तिकडे बरोबर असेल, पण इथल्या दोन बटणांच्या टाकीत ती साखळी आणि झडप नसते. मधोमध उभा व्हॉल्व्ह असतो, बटण दाबलं की तो सरळ वर उचलला जातो आणि त्याच्या बुडाला गोल रबरी वॉशर असतो. ताई उगाच साखळी शोधत बसतील. माझं मत, वॉशरवर क्षार बसलेत. व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवून काढा, वॉशर उलटा करून लावा. ३० वर्षं हेच काम केलंय.

केतकीपान
सकाळी ८.२०

टाकी बाहेरची, प्लास्टिकची, दोन बटणांची. धायरी, दुसरा मजला, इमारत ११ मजली. पाणी बोअर आणि टँकरचं मिसळून येतं. बाहेरून टाकी कोरडीठाक आहे, घाम वगैरे नाही. पाणी आतून भांड्यातच जातंय, हे मी लिहिलं होतं.

नाना, वॉशर गेल्या रविवारीच बदललाय. प्लंबरने ४५० रुपये घेतले. दोन दिवस बरं वाटलं, परत सुरू.

नाना_तांबट
सकाळी ८.३१

हे आधी सांगायला हवं होतं ताई. मग वॉशर हलक्या प्रतीचा असेल किंवा नीट बसला नसेल. परत काढून बघा.

पूर्णसंच
सकाळी ९.१०

एकेक सुटा भाग बदलण्यात पैसे घालवू नका. आतला सगळा संच मिळतो, भरायचा व्हॉल्व्ह, सोडायचा व्हॉल्व्ह, बटणं, सगळं एकत्र. तो बदला आणि पाच-सहा वर्षं विसरून जा. मी आमच्या तिन्ही बाथरूमचे एकदमच बदलले.

भटका_सातारी
सकाळी ९.२५

दुखणं काय ते कळायच्या आत अख्खा संच कशाला? आधी रंगाची परीक्षा करा. टाकीत खायचा लाल रंग टाका, चमचाभर पुरे. अर्धा तास कोणी फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकी गळतेय, नाही उतरला तर नाही.

रेवाकाठ
सकाळी ९.४०

मीटरबद्दल एक सांगते. आमच्याकडे बडोद्याला टाकी रिकामी होऊन परत भरली की पाइपात अडकलेली हवा मीटर फिरवते आणि बिल वाढतं. सोसायटीला हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसवायला लावा. आम्ही सात महिने भांडून करून घेतला.

केतकीपान
दुपारी २.५०

रंग टाकला. एक तास थांबले. भांड्यातलं पाणी स्वच्छ! म्हणजे टाकी गळत नाही? मग रात्री मी काय बघते?

नाना_तांबट
दुपारी ३.०५

म्हणजे वॉशर बसला आता. रबराला चार दिवस लागतात कधी कधी.

सूतओळंबा
दुपारी ३.४०

थांबा. ताई स्वतः सांगतायत की दिवसा गळत नाही, आणि परीक्षा दुपारी केली. तीच रात्री ११ नंतर करा. झोपण्यापूर्वी मीटरचा आकडाही लिहून ठेवा आणि सकाळी कोणी नळ उघडायच्या आत परत बघा. आणि मला सांगा, तुमच्या गच्चीवरच्या टाक्या एवढ्यात धुतल्या का?

केतकीपान
सकाळी ६.२०

काल रात्री सव्वाअकराला रंग टाकला. बाराच्या आत भांड्यात लाल ओघळ! मीटर रात्री ११ ते सकाळी ६ मध्ये ४५ लिटर फिरला. सासूबाई एकदाच उठल्या होत्या, त्यांना बादलीतल्या पाण्याने फ्लश करायला सांगितलं होतं. टाक्या हो, महिन्यापूर्वी धुतल्या. त्यानंतर दोन दिवस नळाला गढूळ पाणी येत होतं.

नाना_तांबट
सकाळी ६.४५

झालं की सिद्ध. रंग खाली उतरला म्हणजे वॉशरच.

सूतओळंबा
सकाळी ७.१०

नाना, तुमच्या अनुभवाला मान देऊनच सांगतो, रंगाने वॉशर सिद्ध होत नाही. टाकीतून भांड्यात जायला पाण्याला दोन वाटा आहेत. एक बुडाच्या वॉशरखालून. दुसरी ओव्हरफ्लोच्या नळीतून, आणि या टाक्यांत ती नळी त्याच मधल्या व्हॉल्व्हच्या आत असते, त्यामुळे पाणी जाताना डोळ्याला दिसत नाही. भरायचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर पातळी वाढत वाढत त्या नळीच्या काठावर येते आणि तिथून खाली उतरत राहते. रंग दोन्ही वाटांनी उतरतो.

वाट कुठली ते ओळखायचं असं. रात्री आवाज सुरू असताना झाकण काढा आणि पाण्याच्या पातळीला आतून पेन्सिलने रेघ मारा. मग टाकीखालचा अँगल कॉक बंद करा. पातळी खाली खाली जातच राहिली तर नाना म्हणतात ते बरोबर. थोडी उतरून ओव्हरफ्लोच्या काठाशी थांबली तर दोष भरायच्या व्हॉल्व्हचा, आणि मग तुम्ही दहा वॉशर बदलले तरी फरक पडणार नाही.

केतकीपान
रात्री ११.१५

अँगल कॉक फिरतच नाहीये. पांढरे क्षार धरलेत. पाना लावू का?

नाना_तांबट
रात्री ११.१९

नको! अजिबात जोर लावू नका. जुना कॉक भिंतीतल्या आट्यापाशी तुटतो आणि मग मध्यरात्री घरभर पाणी. बाथरूमचा मुख्य कॉक असेल, बहुतेक गीझरच्या वर किंवा दाराच्या मागे. तो बंद करा, काम तेच होईल.

केतकीपान
रात्री ११.५८

मिळाला, दाराच्या मागेच होता. नाना, खूप आभार, मी पाना हातात घेतलाच होता.

मुख्य कॉक बंद केल्याबरोबर सुर्रर्र थांबलं. पातळी रेघेच्या जेमतेम एक सूत खाली आली आणि तिथेच. अर्धा तास टॉर्च घेऊन उभी आहे, हललेली नाही. नळीच्या काठाशी बरोबर.

सूतओळंबा
रात्री १२.०६

मग भरायचाच व्हॉल्व्ह. तुमचा नवा वॉशर उत्तम काम करतोय.

पूर्णसंच
सकाळी ८.००

पण मग रात्रीच का? व्हॉल्व्ह बिघडलाय तर दिवसाही गळायला हवा.

सूतओळंबा
सकाळी ८.३५

दाब. ११ मजली इमारत, ताई दुसऱ्या मजल्यावर. गच्चीच्या टाकीपासून ९ मजले खाली धरले तर सुमारे २७ मीटर पाण्याचा स्तंभ त्यांच्या व्हॉल्व्हवर उभा आहे. दर १० मीटरला साधारण १ बार, म्हणजे पावणेतीन बारच्या आसपास. दिवसा सगळ्यांचे नळ सुरू असतात तेव्हा वाहत्या पाण्यामुळे खालचा दाब पडतो. रात्री सगळं बंद झालं की तो पूर्ण लागतो. व्हॉल्व्हच्या रबराखाली कचरा अडकला असेल तर दिवसाच्या दाबाला तो कसाबसा धरतो आणि रात्रीच्या दाबाला सोडतो. वरच्या मजल्यावरच्या कुणाला हा त्रास होणार नाही, खालच्यांना विचारून बघा.

न्यूजर्सीवासी
सकाळी ८.५०

हे पटलं. आमच्याकडेही फिल व्हॉल्व्ह असाच जातो, पण नळी उघडी असल्यामुळे लगेच दिसतं.

नाना_तांबट
सकाळी ९.३०

मान्य. मी रात्रीच्या गोष्टीकडे लक्षच दिलं नाही. ताई, आता कृती ऐका. मुख्य कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी करा. भरायच्या व्हॉल्व्हची वरची टोपी बहुतेक पाव फेऱ्यात निघते, आत रबराचा पातळ पडदा असतो. तो कुठल्या बाजूने बसलाय त्याचा आधी फोटो काढा. स्वच्छ पाण्याने धुवा, कडक क्षार असतील तर लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. ॲसिड घालू नका, रबर खाऊन टाकतं. तेल किंवा व्हॅसलीनही नको, रबर फुगतं. टोपी उघडी असताना पालथा पेला वर धरून मुख्य कॉक क्षणभर सोडा, आतला कचरा निघून जाईल. पडद्यावर खळगा पडला असेल तर मात्र साफ करून भागणार नाही, व्हॉल्व्ह नवा घ्या, अर्ध्या इंचाचा. प्लास्टिकचा नट हाताने आवळून वर पाव फेरा, बास. पान्याने आवळला की चिरतो.

हिरवाचुडा
सकाळी १०.१५

टाकीत पाण्याची भरलेली बाटली ठेवा, दर फ्लशला लिटरभर वाचतं.

सूतओळंबा
सकाळी १०.२२

दोन बटणांच्या टाकीत बाटली नको, फ्लोटला अडकते. तिथे छोटं बटण ३ लिटरचंच असतं, तेच वापरा.

केतकीपान
दोन दिवसांनी, सकाळी ७.१०

केलं. यजमानांनी टॉर्च धरला, मी टोपी उघडली. रबराचा पडदा रुपयाच्या नाण्याएवढा आणि त्याच्या एका कडेला वाळूचा काळा कण रुतलेला, मोहरीपेक्षाही बारीक. नखाने काढला तर खाली खळगा. धुऊन परत बसवला आणि फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी इंचभर खाली घेतली. पहिल्या रात्री मीटर ८ लिटर फिरला, म्हणजे ४५ वरून ८, पण बंद नाही. मग काल नवा व्हॉल्व्ह आणला. लावण्याआधी जोडणीचा पाइप बादलीत सोडून पाणी वाहू दिलं, बादलीच्या तळाशी अजून चिमूटभर रेती निघाली.

काल रात्री ११ ते आज सकाळी ६, मीटर शून्य. सासूबाई एकदाही उठल्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारलं, त्यांच्याकडेही गेला महिनाभर हाच आवाज आहे आणि त्या रोज रात्री मुख्य कॉक बंद करून झोपतात. आज संध्याकाळी त्यांची टाकी उघडतेय.

सूतओळंबा, नाना, भटका_सातारी, तुम्हा तिघांचे मनापासून आभार.

नाना_तांबट
सकाळी ७.४०

छान केलंत. तो अँगल कॉक मात्र बदलून घ्या. आणि सोसायटीच्या सभेत सांगा, टाक्या धुतल्यावर पहिलं पाणी तळाच्या निचऱ्यातून सोडून द्यायचं, घराघरांत जाऊ द्यायचं नाही.

रेवाकाठ
सकाळी ८.०५

नाना, तुम्ही आहातच तर विचारते. आमच्या गीझरच्या वरच्या बारीक नळीतून सारखे थेंब पडतात, तेही रात्रीच. हेही दाबामुळेच का?

नाना_तांबट
सकाळी ८.१२

गीझर किती लिटरचा आणि पंप आहे का गच्चीवर? आधी ते सांगा.