शब्दचर्चा : विक्षेप, व्यत्यय, व्यवधान... आणि ध्यान 'करतात' की 'लागतं'?

प्रश्न : सकाळी ध्यानाला बसलं की शेजारच्यांचा मिक्सर, आपलाच कुकर, खाली भंगारवाल्याची ती रेकॉर्ड केलेली हाळी आणि मधेच व्हॉट्सॅपचं टिंग. ह्याला डिस्टर्बन्स सोडून काय म्हणायचं? विक्षेप, व्यत्यय, व्यवधान हे एकच का?

— एकच नाही हो. व्यत्यय बाहेरून येतो, वीजपुरवठ्यात येतो तसा. विक्षेप चित्ताचा. योगसूत्रांत (१.३०) नऊ चित्तविक्षेप सांगितलेत, आजारपण, संशय, आळस वगैरे, त्यात गोंगाट नाहीच! म्हणजे मिक्सर हा व्यत्यय, आणि 'ह्यांना सातलाच बरी चटणी वाटायची असते, मागच्या सोसायटी मीटिंगमधे पण हेच भांडले होते' हे जे आत सुरू होतं ना, तो विक्षेप. मिक्सर मिनिटभरात थांबतो, हे नाश्त्यापर्यंत चालतं.

— पण गीतेच्या सहाव्या अध्यायात 'रहसि स्थितः' आहे की, एकांतात बस म्हणून. वन बीएचकेत एकांत फक्त बाथरूममधे मिळतो, तोही कुणी दार वाजवेपर्यंत.

— इगतपुरीला विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर असतं तिथे आर्य मौन, फोन जमा, व्यत्यय जवळपास शून्य. विक्षेप किती होतात ते जाऊन आलेल्या कुणालाही विचारा :)

— व्यवधानाचं राहिलं. 'त्याच्यामागे फार व्यवधानं आहेत' म्हणजे कामाचे, संसाराचे पाश. आवाजाला व्यवधान म्हणणं हे हिंदी बातम्या ऐकून आलंय, मला तरी खटकतं. अवधान वेगळं, ते म्हणजे लक्ष. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरूच 'तरि अवधान एकलें दीजे' असा होतो.

— मला 'ध्यान करतो' हेच खटकतं. आपल्याकडे ध्यान लागतं, जशी झोप लागते. झोप कुणी करत नाही, आपण फक्त आडवं व्हायचं. आणि विरार लोकलमधे उभ्याउभ्या, दाराशी भजनाचे टाळ वाजत असताना लोकांना झोप लागतेच की, म्हणजे आवाज बंद होणं ही काही अट नाही. बसणं आपलं काम, लागणं आपल्या हातात नाही.

— हो पण झोप आणि ध्यान एक नव्हे, डुलकीला ध्यान समजणारे खूप. तिला तंद्री म्हणा. बाकी आमच्याकडे डोळे मिटून बसलो की आई म्हणते 'काय ध्यान दिसतंय', हाही अर्थ कोशात आहे, आणि 'सुंदर ते ध्यान'मधलं ध्यान म्हणजे रूप. शब्द एकच, मान किती वेगळा!

प्रश्नकर्ता : व्यत्यय-विक्षेप पटलं. आता नदीपात्रात ढोलपथकांची प्रॅक्टिस सुरू झालीये, खिडकीची काच थरथरते. हे कशात धरू?

— दणदणाट म्हणतात त्याला. कायद्यात रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ आहे, भंगारवाला यायच्या आत उरकून घ्या.