मानवाधिकाराचा कागद आलाय, सही करू का? (लेबर कॉन्ट्रॅक्ट, रत्नागिरी)

बंदरावरचा
मी रत्नागिरीत छोटा लेबर कॉन्ट्रॅक्टर आहे. ४३ माणसं, त्यातली १७ नेपाळी, बाकी आजूबाजूच्या गावातली नि थोडी कर्नाटकातली. एका मोठ्या कंपनीच्या मासळी प्लांटला पॅकिंग, लोडिंग आणि कोल्ड स्टोरेजला लोक देतो. ग्रुप शेअर बाजारात लिस्टेड आहे, माल बाहेर जातो. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून अकरा पानी इंग्रजी कागद आला, सप्लायर कोड, मानवाधिकार धोरण असं काय काय, नि पंधरा दिवसांत सही करा नाहीतर पुढची पीओ (कामाची ऑर्डर) निघणार नाही. बालमजुरी वगैरे ठीकाय, ती आपल्याकडे नाहीच. पण एका ठिकाणी लिहिलंय की कामगाराचं ओळखपत्र मालकाने ठेवायचं नाही. आता नेपाळी पोरांची नागरिकतेची कार्डं माझ्या कपाटात आहेत कारण प्रत्येकाला येताना १५-२० हजार उचल दिलेली असते, आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, एक पोरगा न सांगता निघून गेला ते पैसे गेलेच. मी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, ताप आला तर डॉक्टरकडे मीच नेतो. मग हे सगळं माझ्यासारख्याला कशाला? बाकीचे डोळे मिटून सही करतात म्हणे. कोणी अनुभवी असेल तर सांगा, राजकारण नको.

सुका_बोंबील
करा सही नि गप बसा. वाचतो कोण ते.

चिपळूणचा ऑडिटवाला
दादा, आधी कपाट उघडा, मग पेन.
आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीची मजुरी ओळखायच्या ११ खुणा सांगितल्यात, त्यात कागदपत्रं काढून घेणं आहे नि कर्जात अडकवणं पण आहे. तुमच्याकडे दोन्ही. तुम्ही माणूस वाईट असं मी म्हणत नाही, डॉक्टरकडे नेता ते चांगलंच, पण प्रश्न एवढाच असतो की उद्या त्या पोराला जायचं असेल तर तो जाऊ शकतो का. आणि हे फॉरेनचं फॅड पण नाही हां, आपला वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. उचल फिटेपर्यंत माणूस अडकवून ठेवायचा, हे त्यातच येतं.
आता तुमच्यापर्यंत कागद का आला. २०११ ला युनोच्या मानवाधिकार परिषदेने उद्योगांसाठी ३१ तत्त्वं मंजूर केली, जॉन रगी म्हणून प्राध्यापक होते त्यांनी तयार केलेली. त्यात कंपनीची जबाबदारी स्वतःच्या गेटवर संपत नाही, सप्लायर आणि कंत्राटदाराकडे जे होतं ते पण तिने बघायचं असतं. शिवाय शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना दरवर्षी रिपोर्ट सक्तीचा केलाय, त्यातलं पाचवं तत्त्व मानवाधिकारांचं, किमान वेतन मिळतं का, किती जणांना ट्रेनिंग दिलं, किती तक्रारी आल्या, सगळं छापावं लागतं. त्यात २०२४ च्या मार्चमध्ये आंध्रच्या कोळंबी धंद्यावर अमेरिकेतून मोठा रिपोर्ट आला, कर्जात अडकलेले कामगार, शेडमधले हाल, तेव्हापासून मासळीवाले सगळे जागे झालेत.
पण खरी गोम पुढे आहे. जबाबदारी कंपनीची, आणि सही तुमची. उद्या काही निघालं की "आम्ही तर कंत्राटदाराकडून लिहून घेतलेलं" म्हणायला मोकळे. म्हणून सही करताना सोबत एक मेल टाका: ओव्हरटाइम दुप्पट द्यायचा, भरतीचा नि प्रवासाचा खर्च पोरांच्या पगारातून कापायचा नाही, मान्य आहे, मग माझा रेट किती वाढवताय? धोरण खरं असेल तर ते रेटमध्ये दिसतं. आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने द्यायचा हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे, ते पण मेलमध्ये आठवण म्हणून लिहा.

गुहागरकर
राजकारण नको म्हणालात पण मी बोलणार.
कागदाचं कौतुक आम्हाला सांगू नका. एन्रॉन या अमेरिकन वीज कंपनीने २००० साली ६४ पानांची आचारसंहिता छापली होती, त्यात मानवाधिकारांचं निवेदन पण होतं, आदर, सचोटी असले शब्द. आणि त्याच्या आधी काय झालेलं? १९९७ च्या जूनमध्ये आमच्या गुहागरजवळच्या वेलदूरला, जिथे वीज प्रकल्पाला विरोध होता, भल्या पहाटे पोलीस घरात घुसले, बायकांना ओढून बाहेर काढलं. एन्रॉनचीच दाभोळ वीज कंपनी त्या पोलिसांच्या बंदोबस्ताचे पैसे भरत होती. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ च्या जानेवारीत अख्खा रिपोर्ट काढला, कंपनीला सामील म्हटलं. २००१ ला एन्रॉन बुडाली ती पण मानवाधिकारामुळे नाही, हिशेबातल्या लबाडीमुळे. तिकडे माणसाला मारलं तर चालतं, शेअरहोल्डरला फसवलं तर नाही.

चिपळूणचा ऑडिटवाला
काका, म्हणूनच तर २०११ ची तत्त्वं आली ना. तेव्हा "सरकारचे पोलीस, आमचा काय संबंध" म्हणता यायचं, आता म्हणायला अवघड जातं.

गुहागरकर
अवघड जातं, पण म्हणतात. बरं, कार्डं परत द्या हे मात्र मला पटलं.

हळदीची_पानं
मी चार वर्षं एका शेडवर कोळंबी सोलायला होते म्हणून लिहिते. बर्फात हात, किलोवर पैसे. ऑडिट असलं की आदल्या दिवशी नवे ग्लोव्हज, गमबूट, बाथरूममध्ये साबण, आणि पाहुणे गेले की साबणसुद्धा परत स्टोअरला. तक्रारपेटी होती, सुपरवायझरच्या केबिनला लागून, वर कॅमेरा. चावी सुपरवायझरकडेच. चार वर्षांत त्यात मी एक गुटख्याची पुडी सोडून काही पडलेलं बघितलं नाही, नि रिपोर्टमध्ये छापत असतील तक्रारी शून्य. ऑडिटरबाई आल्या त्या इंग्रजीतून विचारायच्या, सुपरवायझर मराठीत सांगायचा, "काय त्रास आहे का गं?" नि बघायचा माझ्याकडे. काय सांगणार?
तेव्हा भाऊ, तुम्ही कंपनीला एवढं विचारा की तक्रार करायला फोन नंबर आहे का, जो प्लांटमधलं कोणी उचलत नाही, आणि पलीकडचा माणूस नेपाळी बोलतो का. शिवाय दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाची अंतर्गत समिती लागते, २०१३ च्या कायद्याने. तुमच्याकडे ४३ आहेत. बायका किती त्यात? समितीचं नाव तरी कोणाला माहितीय का?

बंदरावरचा
ताई, बायका ११. समिती नाही, खोटं कशाला बोलू. ऑडिटवाले दादा, त्या मेलचा फॉरमॅट असेल तर पाठवा.

बंदरावरचा (नऊ दिवसांनी)
अपडेट देतो. रविवारी सगळी कार्डं परत दिली, झेरॉक्स ठेवल्या. पोरांना वाटलं मी धंदा बंद करतोय, दोघं घाबरून विचारायला आले. एकजण खरंच गेला, आई आजारी आहे म्हणून, नऊ हजार अंगावर घेऊन. पोचल्यावर फोन केला त्याने, दसऱ्यानंतर येतो म्हणाला, बघू. उचलीचा हिशेब आता प्रत्येकाच्या वहीत लिहून त्यालाच देतोय, एक वही माझ्याकडे, दर महिन्याला किती कापलं ते त्याच्यासमोर. कंपनीला रेटचा मेल टाकला, नेपाळी बोलणाऱ्या नंबरचं पण विचारलं. उत्तर आलं, एकच शब्द, "नोटेड". सही अजून केली नाही. मुदतीला दोन दिवस आहेत.

सुका_बोंबील
झेरॉक्स चालते का ऑडिटला?