सावंतवाडीची गंजिफा: हाताने रंगवलेला संच घ्यावा की छापील?

तेरेखोल: बाबा लहानपणी आजोबांबरोबर गंजिफा, म्हणजे ते जुने गोल चित्रांचे पत्ते, खेळायचे. आमच्याकडचा दशावतारी संच वेंगुर्ल्याच्या घरात पावसाळी ओल लागून गेला, १२० पैकी जेमतेम ४० पानं राहिलीत, तीही पोपडे निघालेली. आता बाबांच्या पंचाहत्तरीला नवा संच द्यायचाय. सावंतवाडीत चौकशी केली तर हाताने रंगवलेल्याचा भाव पाच आकडी. ऑनलाइन तसाच दिसणारा हजाराच्या आत मिळतोय. बायको म्हणते चित्रं तीच, खेळ तोच, मग एवढे पैसे कशाला? तिचंही खरं आहे पण मन मानत नाही. काय करू?

चिंचोका: दादा, १२० पानं म्हणजे १२० चित्रं हो. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा. जुन्या पद्धतीत कागदाचे नाहीतर चिंध्यांचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप, तो घोटून गुळगुळीत करायचा, मग बारीक कुंचल्याने रंग आणि शेवटी लाखेचा थर. मत्स्याच्या दहा नंबरच्या पानावर दहा मासे असतात, ते दहाही एकेक करून काढायचे, आणि असे दहा अवतार. यात महिने जातात. हजारात हे बसणारच नाही, कोणी बसवून दाखवत असेल तर ते छापीलच.

बाजारकलम: छापील घेण्यात पाप नाही हं. पूर्वीसुद्धा दरबारी कलम आणि बाजार कलम असे दोन प्रकार होतेच, राजेलोकांना हस्तिदंतावर, कासवाच्या पाठीवर आणि बाकीच्यांना कागद-लाकडावर, म्हणजे स्वस्त गंजिफा हीही परंपराच. पण छापील माल हाताने केलेला म्हणून विकतात त्याचा मला संताप येतो. एका प्रदर्शनात मी असाच एक संच चांगले पैसे मोजून घेतला, घरी भिंगाखाली धरला तर सगळीकडे छपाईचे ठिपके, आणि मत्स्याच्या पाच नंबरच्या पानावरचे पाचही मासे अगदी हुबेहूब एकसारखे. हाताचे दोन मासे कधीच सारखे येत नाहीत. घ्यायच्या आधी भिंग लावा, आणि कोणी रंगवलं ते विचारा.

राजवाड्याजवळ: १९७० च्या दशकात ही कला जवळजवळ संपलीच होती, करणारे बोटावर मोजण्याइतके. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारखाना उभा केला, म्हणून आज भाव विचारायला तरी कोणी आहे. २०२४ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण पोट भरतं ते संच विकला गेल्यावर. माझं मत विचाराल तर पूर्ण संच झेपत नसेल तर एका अवताराची बारा पानं करून देतील का विचारा. आणि घेतलात तर काचेच्या कपाटात कोंडून ठेवू नका. लाख लावतात ती हाताळायलाच.

तेरेखोल: सगळ्यांचे आभार. काल बाबांना सहज विचारलं, पहिला डाव कोणाचा? लगेच म्हणाले, दिवसा रामाचा, रात्री कृष्णाचा. साठ वर्षं पानाला हात न लावलेला माणूस! पूर्ण संचच सांगतोय, तीन हप्त्यांत देणार. आता एवढंच सांगा, जून ते सप्टेंबर ओलीपासून जपायचा कसा?