टेबलावरचा चोर पाचवीपासूनचा मित्र आहे, काय करू?

फोंडेकर_डीएम

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

दीड वर्ष झालं, दर शनिवारी संध्याकाळी फोंड्याला आमच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. पाचवी आवृत्ती, २०१४ची. २०२४चं सुधारित पुस्तक अजून घेतलेलं नाही. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि निवाडा करणारा, खेळाडू चार. कॅम्पेन, म्हणजे दर शनिवारी पुढे चालणारी गोष्ट, घरचीच: खाडीकाठचा गाव, खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली), बांध, गावकारीची, म्हणजे गावच्या जमिनीचा कारभार बघणाऱ्यांची, बैठक, आणि रात्री खाडीतून काहीतरी वर येतं. माझं आजोळ दुर्भाटचं, त्यामुळे हा सगळा माल आयताच होता.

चोर खेळणारा माझा शाळेतला मित्र. दुकानदार बोलत असला की हा खिसा कापतो. खिसा कापायला कोणी नसेल तर आपल्याच मंडळींच्या पिशव्या. काही बोललं की उत्तर ठरलेलं: "म्हजें कॅरेक्टर तशेंच रे, हांव कितें करूं?"

गेल्या महिन्यात कळस झाला. धर्मगुरू खेळणारी मुलगी आमच्यात सगळ्यात नवी, कॉलेजात आहे. तिच्या पात्राने देवळासाठी पन्नास सोन्याची नाणी जमवली होती, ती याने ढापली. ते पचवतोय तोवर त्याच रात्री मानशीचं दार तोडलं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, मानस म्हणजे बांधातला दरवाजा. ओहोटीला आतलं पाणी तो ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी त्याला दाबून बंद करतं, माणसाला हात लावावा लागत नाही. मी भरतीचं वर्णन करतोय, शब्द अजून तोंडातच आहे, आणि याने फासा टाकून ओरडून सांगितलं, "वीस! दार फोडलं!" खारं पाणी सगळ्या शेतात. ज्या गावाला वाचवायला आम्ही पाच सेशन घालवली, तो गाव बुडाला.

मी चिडलो. शिपाई आणले, त्याला पकडलं, गावकारीपुढे उभा केला. दीड तास खटला. त्याने इतकी मजा केली की काय सांगू, न्यायाधीशाची नक्कल काय, पळून जायचे तीन प्रयत्न काय. बाकीचे तिघे मिरची भजी संपवून मोबाईल बघत बसले. दुसऱ्या दिवशी धर्मगुरूचा मेसेज: "दादा, पुढचे काही शनिवार जमणार नाही."

त्याला काढून टाकू का? आमच्या आया एकमेकींकडे चवथीचे लाडू पाठवतात, हेही लक्षात घ्या.

———

मडगावचा_जुना

काढ. लाडवांचं आई बघून घेईल.

———

वीसपैलू

थांबा, काढायच्या आधी एक गोष्ट. "वीस! दार फोडलं" हे तुम्ही चालू दिलंत का म्हणून? रोल, म्हणजे फासा टाकणं, मागायचा की नाही हे डीएम ठरवतो. खेळाडूने फक्त काय करायचंय ते सांगायचं. न मागता टाकलेला फासा तसाच टेबलावर पडून राहू द्यायचा, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आणि नॅचरल वीसला, म्हणजे फाशावरच वीस पडलं तर, आपोआप यश हे हल्ल्याच्या रोलला. दार फोडायच्या रोलला पाचव्या आवृत्तीत तसा नियमच नाही.

पिशवीचंही तेच. आमच्याकडे एक घरगुती नियम आहे: एका खेळाडूने दुसऱ्याच्या पात्राला काही केलं, तर ते जमलं की फसलं हे ज्याला केलं तो सांगतो, फासा नाही. धर्मगुरू म्हणाली असती, "पिशवीत हात घातलास, मी मनगट धरलं." विषय संपला. हा नियम आला आणि आमच्याकडच्या आपसातल्या चोऱ्या दोन आठवड्यांत थांबल्या. फसण्याची खात्री असेल तर चोरी करण्यात राम नसतो.

अजून एक. जॉन स्टावरोपुलोस यांचं एक्स-कार्ड कोणीतरी सुचवेलच. टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं कार्ड, कोणीही बोट ठेवलं की तो प्रसंग कारण न विचारता सोडून द्यायचा. चांगली गोष्ट आहे, ठेवा. पण ते नको वाटणाऱ्या प्रसंगांसाठी आहे. तुमच्या मित्राचं दुखणं वेगळं.

———

पेडण्याची_मी

माझा मामा दशावतारात काम करतो. तिथे लिहिलेली संहिता नसते. आत रंगपटात कथा थोडक्यात सांगतात, बाहेर संवाद ज्याचा त्याने बोलायचा. म्हणजे तुमच्या खेळाची सख्खी बहीणच. मामा सांगतो, त्यांच्यात एक संकासुराचं हसवणारं सोंग करणारा होता, लोक हसायला लागले की आत जायचं नावच घेत नसे. पहिल्यांदा मालकाने त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, भटजीच्या तोंडून झापला. झालं, त्याला आणखी चेव आला. लोकांनाही वाटलं हा खेळाचाच भाग. पुढच्या मुक्कामी मालक त्याला दुपारी जेवणानंतर बाजूला घेऊन बसला. तोंडावर रंग नाही, पेटी नाही, प्रेक्षक नाही. तेव्हा तो ऐकला.

तुमचा खटला म्हणजे त्या भटजीचं झापणं. पात्राला शिक्षा केलीत आणि मित्राला दीड तासाची रंगभूमी दिलीत. पात्राला सोडा, माणसाशी बोला. शनिवारी नको, टेबलाजवळ तर मुळीच नको.

आणि राग नसावा, पण एक विचारते. त्या पाच सेशनमध्ये चोराला करण्यासारखं काय होतं?

———

फोंडेकर_डीएम

@पेडण्याची_मी, वही काढून बघितली. पहिलं सेशन: गावकारीची बैठक. दुसरं: बांधाच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा. तिसरं: कोरगुट भाताचं बियाणं. चौथ्यात खाडीतलं भूत, पण ते धर्मगुरूच्या मंत्राने गेलं. पाचवं: परत बैठक.

एकही कुलूप नाही. एकही भिंत चढायची नाही. चोराला मी पाच शनिवार जमिनीच्या हिशोबाला बसवला होता.

पण धर्मगुरूचे पैसे चोरले ते चोरलेच, त्याला मी माफी देत नाही.

———

मडगावचा_जुना

बियाण्यावर अख्खं सेशन? मीच फोडली असती मानस.

———

वीसपैलू

हाहा. पण तुमच्या वहीतच उत्तर आहे. मानशीच्या तोंडाशी मासळी सापडते, आणि ती धरायच्या हक्काचा लिलाव होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मासळीसाठी कोणी दार रात्री मुद्दाम उघडं ठेवलं तर शेत खारं होतं. म्हणजे याने दार तोडलं तेव्हा ते आधीच कोणीतरी अर्धं कापून ठेवलं होतं, असं म्हणा. कोणी? लिलावाचे कागद पेटीत, पेटी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, माडीवर, माडीवर कुत्रे. घ्या, चोराला काम. गावाचं नुकसान मात्र पुसू नका, ते राहू दे.

———

फोंडेकर_डीएम

आठ दिवसांनी सांगतोय. बुधवारी त्याला गाडीवर चहाला घेऊन गेलो. सरळ सांगितलं: पोरगी तुझ्यामुळे यायची थांबली. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो म्हणाला, ती हसत होती ना? मी म्हटलं, नवीन माणूस सगळ्यालाच हसतो. मग थोडा वेळ गप्प, आणि एकदम, "तुज्या मिटिंगांनी हांवें कितें करपाचें रे?" हॉटेलातली सकाळची पाळी करून येतो, शनिवारचे तीन तासच त्याचे, आणि त्यात मी त्याला बांधाच्या खर्चाची बेरीज ऐकवत होतो. हे मी कबूल केलं. पिशवीवाला नियम त्याने कुरकुरत मानला. न मागता टाकलेला फासा धरायचा नाही, यावर अजून वाद आहे.

धर्मगुरूला त्याने स्वतः फोन केला. काय बोलला ते मी विचारलं नाही. ती येतेय, पण अट घालून: पन्नास नाणी परत, आणि तिच्या पात्राच्या देवळाला वर दहा दंड.

काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. "भाटकाराच्या माडीवर कुत्रे किती?"